९,७०० सायटेशन, त्यांतली तुमची किती?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी गुरुत्वीय लहरींवर काम करते. पीएचडी पुण्यात झाली, आता युरोपात दुसरी पोस्टडॉक चालू आहे. पहिला पेपर सात वर्षांपूर्वीचा. रेफरीड (तज्ज्ञांनी तपासून छापलेले) पेपर २३ आहेत: १२ मोठ्या कोलॅबरेशनचे (शेकडो संशोधकांनी मिळून केलेले), ७ छोट्या गटातले आणि ४ माझे फर्स्ट-ऑथर (पहिलं नाव माझं). एडीएसवर (खगोलशास्त्रातल्या पेपरांची ऑनलाइन सूची) ९,७०० सायटेशन (पेपरांत आलेले माझ्या पेपरांचे संदर्भ) आणि एच-इंडेक्स १८ (निदान १८ सायटेशन असलेले १८ पेपर) दिसतो. गूगल स्कॉलर २१ दाखवतं, पण तिथे कापसाच्या बोंडअळीवरचे दोन पेपरही माझ्या खात्यावर येऊन बसलेत. गेल्या महिन्यात एका संस्थेत मुलाखत झाली. अर्जात मी '९,७०० सायटेशन' ठळक अक्षरांत लिहिलं होतं. समितीतल्या एकांनी समोरच एडीएस उघडलं आणि विचारलं, 'यात तुमचं काय? फर्स्ट-ऑथर तर तीनच दिसतात.' माझा सगळ्यात गाजलेला पेपर माहेरच्या नावावर आहे, तो त्यांना दिसलाच नाही. मी गडबडले. जागा एच-इंडेक्स ११ असलेल्या उमेदवाराला मिळाली. येत्या सहा महिन्यांत दोन अर्ज करायचे आहेत, एक राष्ट्रीय संस्थेत आणि एक महाराष्ट्रातल्या विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचा. कोलॅबरेशनचे पेपर यादीत ठेवू की काढू? चालू काम तीन पेपरांत तोडलं तर आकडा वाढेल का? स्वतःचे पेपर जास्त साइट कर, असंही एकाने सुचवलंय. पेपरांची यादी सोबत जोडली आहे."

उत्तर:

"यात तुमचं काय?" हा प्रश्न खवचट नव्हता. ९,७०० हा आकडा ठळक करून तो तुम्हीच ओढवून घेतला. गुरुत्वीय लहरींच्या क्षेत्रात असा आकडा दिसला की जाणकार माणूस पहिल्यांदा त्यातली कोलॅबरेशनची भर वजा करतो. तेच आपण आधी करू, कारण पुढचं सगळं त्या वजाबाकीवर उभं आहे.

तुमच्या यादीप्रमाणे कोलॅबरेशनच्या १२ पेपरांची सायटेशन ९,४०० आहेत, म्हणजे एकूण आकड्याच्या ९७ टक्के. छोट्या गटातल्या ७ पेपरांना ५८, ४१, ३३, २४, १८, ११ आणि ५, अशी मिळून १९०. तुमच्या चार फर्स्ट-ऑथर पेपरांना ६१, ३४, १२ आणि ३, मिळून ११०. आता एच-इंडेक्स पाहा. कोलॅबरेशनच्या बाराही पेपरांना शंभराच्या वर सायटेशन आहेत, त्यामुळे पहिल्या बारा जागा त्यांनीच अडवल्या आणि १८ चा आकडा उभा राहिला. ते बारा बाजूला ठेवले की उरलेल्या अकरा पेपरांचा एच-इंडेक्स ९ येतो. नुसत्या फर्स्ट-ऑथर पेपरांचा ३.

हा एच-इंडेक्स २००५ साली होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. पहिल्या पेपरापासून गेलेल्या वर्षांनी एच-इंडेक्सला भागायचं, असाही एक भागाकार त्याने सुचवला होता. तो १ च्या आसपास आला तर संशोधक यशस्वी, २ असेल तर असामान्य, ३ म्हणजे विरळाच. तुमचा १८ भागिले ७ केला तर २.६ येतो. दुसऱ्या पोस्टडॉकमधल्या माणसाला ही मोजपट्टी असामान्य आणि विरळा यांच्या मधोमध बसवते, यावर कुठलीही समिती विश्वास ठेवणार नाही. ९ भागिले ७ म्हणजे १.३. हा आकडा पटतो, आणि तुमच्या टप्प्यावर तो उत्तम आहे. ज्याला जागा मिळाली त्याचा ११ बहुधा छोट्या गटांच्या पेपरांतून आला असेल. तसं असेल तर तुलना ११ विरुद्ध १८ अशी नव्हतीच. ती ११ विरुद्ध ९ होती, आणि त्याची यादी पाहून त्याने काय केलं ते कळत होतं.

एडीएसकडे याहून प्रामाणिक एक माप आधीपासून आहे: नॉर्मलाइज्ड सायटेशन. प्रत्येक पेपरची सायटेशन त्याच्या लेखकसंख्येने भागायची आणि बेरीज करायची. तुमच्या चार पेपरांवर तीन-चार लेखक आहेत, त्यांतून सुमारे ३३ येतात. छोट्या गटांच्या पेपरांवर सरासरी पाच लेखक धरले तर ३८. कोलॅबरेशनच्या पेपरांवर हजाराच्या आसपास नावं असतात, म्हणून ९,४०० चे जेमतेम ९. एकूण ८०. यातले ७१ तुम्ही स्वतः हात घातलेल्या कामाचे आहेत. ९,७०० पेक्षा हा ८० तुमच्या बाजूने जास्त बोलतो.

आता कामाला लागू. पहिलं काम नावाचं, आणि ते या आठवड्यातच करायला हवं, कारण दुरुस्त्या व्हायला वेळ लागतो.

आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांचं जातं, नवऱ्याचं येतं. म्हणजे दोन आद्याक्षरांपैकी एक आणि आडनाव, दोन्ही गेली. सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. त्यात आडनाव पाटील, जोशी, देशपांडे असेल तर उलटी पंचाईत: एकाच आद्याक्षराचे डझनभर लोक एका नावाखाली गोळा होतात. यावरचा उपाय ऑर्किडचा सोळा आकडी क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारी संशोधकाची ओळख. खात्यात "इतर नावं" या जागी माहेरचं नाव ज्या ज्या रूपात छापलं गेलंय ती सगळी रूपं घाला. मग एडीएसमध्ये ऑर्किडने लॉगिन करा, दोन्ही नावांनी वेगवेगळा शोध घ्या आणि आपले २३ पेपर एकेक करून आपल्या खात्यावर जोडा. पुढची पायरी बहुतेक जण विसरतात: एडीएसच्या मदतकेंद्राला लिहून दोन्ही नावं समानार्थी म्हणून नोंदवायला सांगा. ऑर्किडने शोधणाऱ्याला सगळं दिसेल, पण समितीतला माणूस आडनाव टाईप करूनच शोधणार आहे. आता बरेच मोठे प्रकाशक छापून झालेल्या पेपरवरचं नावही बदलून देतात. तो मार्ग घ्यायचा की नाही ही तुमची खाजगी निवड आहे. घेतलात तर एडीएसच्या नोंदीत बदल उतरला का, हे अधूनमधून पाहत राहा.

हे झाल्यावर आडनावाआधी टोपीचं चिन्ह (^) लावून शोध घ्या. त्या चिन्हाने फक्त फर्स्ट-ऑथर पेपर येतात आणि मुलाखतीत बहुधा हाच शोध झाला होता. चार दिसले पाहिजेत. मग डावीकडे "रेफरीड" ही गाळणी लावा. ती लावली नाही तर परिषदांचे गोषवारे, दुर्बिणींच्या वेळेसाठीचे प्रस्ताव आणि तातडीची परिपत्रकंही पेपर म्हणून मोजली जातात. गुरुत्वीय लहरींच्या माणसाच्या नावावर अशी परिपत्रकं शेकड्यांनी असू शकतात. आर्काइव्हवरची (छापण्याआधी पेपर टाकायच्या संकेतस्थळावरची) प्रत आणि छापील पेपर एकाच नोंदीत आलेत का, तेही तपासा. रेफरीच्या सांगण्यावरून शीर्षक बदललं असेल तर कधीकधी दोन नोंदी राहतात आणि सायटेशन विभागली जातात. ६१ वाला पेपर खरं तर ६६ चा निघेल, अशातला हा प्रकार. दुरुस्तीचा अर्ज एडीएसवरच आहे.

बोंडअळी आज काढा. उद्यावर टाकू नका. स्कॉलर सारख्या नावांचे पेपर आपणहून खात्यात ओढतं. सेटिंगमध्ये जाऊन "आपोआप बदलू नका, आधी मला ईमेल करा" हा पर्याय निवडा. परके पेपर स्वतःच्या पानावर दिसले तर हा निष्काळजीपणा आहे की आकडा फुगवणं, हे समोरच्याला ठरवता येत नाही, आणि त्याला तसा प्रश्न पडणंच वाईट. खगोलशास्त्रातल्या अर्जात आकडे एडीएसचेच द्या आणि शेजारी तारीख घाला. स्कॉलर प्रबंध, अहवाल, स्लाइड, जे हाती लागेल ते मोजतं. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या सूच्या निवडक स्रोतच मोजतात. एकाच माणसाचे तीन आकडे येतात ते यामुळे. विद्यापीठाच्या अर्जात स्कोपसचा रकाना असेल तर तिथे स्कोपसचाच आकडा भरा. एका रकान्यात दुसऱ्याचा घालू नका.

कोलॅबरेशनचे पेपर ठेवायचे की काढायचे? ठेवायचे, पण त्यांना वेगळं घर द्यायचं. यादीचे तीन भाग करा. पहिल्यात चार फर्स्ट-ऑथर पेपर, आणि छोट्या गटातल्या सातांपैकी ज्यांत मुख्य विश्लेषण तुमचं होतं ते. प्रत्येकाखाली दोन ओळी. दुसऱ्या भागात छोट्या गटातले उरलेले, एकेका ओळीत तुमच्या वाट्यासह. तिसऱ्याचं शीर्षक "कोलॅबरेशनचे पेपर (१२), लेखक वर्णानुक्रमे". त्यातले फक्त तीन किंवा चार सविस्तर द्या, बाकीच्यांसाठी एडीएसवरच्या सार्वजनिक लायब्ररीचा दुवा. या तीन भागांच्या तीन लायब्ररी एडीएसमध्ये बनवून ठेवा. लायब्ररी उघडून मेट्रिक्स दाबलं की त्या भागाचेच आकडे मिळतात, आणि समितीलाही तीच बेरीज दिसते.

"लेखक वर्णानुक्रमे" हे तीन शब्द सोडू नका. आपल्या क्षेत्रातली नावांच्या क्रमाची पद्धत बाहेरच्यांना ठाऊक नसते. छोट्या गटाच्या खगोलशास्त्रीय पेपरात पहिलं नाव काम करणाऱ्याचं असतं. लायगो–व्हर्गो–काग्रा या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रांच्या कोलॅबरेशनच्या पेपरात क्रम आडनावाचा असतो. विश्वरचनेच्या सैद्धांतिक पेपरांत कधी एक, कधी दुसरा. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात शेवटचं नाव प्रमुखाचं. निवड समितीत या तिन्ही परंपरांतली माणसं असू शकतात. 'अ'ने सुरू होणाऱ्या आडनावाचा सहलेखक कोलॅबरेशनचा म्होरक्या समजला गेल्याचे आणि 'य'वाला शेवटचा म्हणून मार्गदर्शक समजला गेल्याचे विनोद या क्षेत्रात नवे नाहीत.

खरी मेहनत तिसऱ्या भागातल्या त्या तीन-चार नोंदींवर घ्या. तिथे "विश्लेषणात सहभाग" असं लिहिलंत तर काहीच न लिहिल्यासारखं आहे. क्रियापद, वस्तू आणि मोजमाप, तिन्ही हवं. तुमच्या प्रबंधाचा विषय ग्लिच (यंत्रात अचानक उमटणारा गोंगाट) ओळखण्याचा असल्याचं यादीवरून दिसतं, म्हणून नमुना त्यातलाच देतो. आकडे अर्थात तुमचे घाला. "जीडब्ल्यूटीसी-३ (एकूण ९० घटनांची यादी): तिसऱ्या निरीक्षण-सत्रात विखुरलेल्या प्रकाशामुळे येणाऱ्या गोंगाटाची छाननी, इतक्या घटनांच्या माहिती-गुणवत्तेची तपासणी, अमुक परिशिष्टाचा पहिला मसुदा." आणि ते काम का लागलं, याची एक ओळ. समितीतल्या सैद्धांतिकाला ग्लिच म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही. त्याला समजावायला १७ ऑगस्ट २०१७ चं उदाहरण पुरे आहे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा संकेत आला तेव्हा विलीनीकरणाच्या सुमारे १.१ सेकंद आधी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो यंत्रात एक मोठा ग्लिच येऊन बसला होता. तो वेगळा केल्यावरच लिव्हिंग्स्टनची ती माहिती पुढच्या मोजणीला वापरता आली. त्या घटनेच्या सर्व दुर्बिणींच्या एकत्र पेपरावर साडेतीन हजारांहून जास्त नावं आहेत, आणि गोंगाट उपसणाऱ्यांची कामगिरी नावांच्या त्या गर्दीत कुठेच वेगळी दिसत नाही. ती सांगायची जागा तुमचा अर्ज आहे.

तुम्ही स्वतःबद्दल लिहिलेल्याला दुजोरा लागतो, म्हणून तीन शिफारसपत्रांपैकी एक तुमच्या कार्यगटाच्या प्रमुखाकडून घ्या. पीएचडीच्या मार्गदर्शकांनी कितीही कौतुक केलं तरी "या पेपरातला हा भाग हिने केला" हे कार्यगटाच्या प्रमुखाने लिहिलेलं वाक्य जास्त वजनाचं. त्याला अंतिम तारखेच्या निदान चार आठवडे आधी कळवा आणि सोबत एका पानाचा कागद द्या: कोणतं सत्र, कोणती घटना, कोणतं काम, अंतर्गत अहवालाचा क्रमांक. मोठ्या कोलॅबरेशनमध्ये प्रमुखाच्या हाताखाली कितीतरी माणसं असतात; कागद दिला नाहीत तर पत्र गुळमुळीत येईल, आणि तो दोष त्याचा नसेल.

पहिल्या भागातल्या चार पेपरांना आकड्याचा आधार कसा द्यायचा, हेही पाहू. ६१ सायटेशन ऐकून ताऱ्यांच्या उत्क्रांतीवर काम करणाऱ्याला काहीच बोध होत नाही. तुलना त्याच वर्षीच्या, त्याच विषयातल्या पेपरांशी हवी. एडीएसमध्ये तुमच्या पेपराचे दोन-तीन नेमके शब्द गोषवाऱ्यात शोधा, वर्ष तेच ठेवा, रेफरीड गाळणी लावा, कोलॅबरेशनचे पेपर टाळायला लेखकसंख्येची मर्यादा दहापर्यंत घाला आणि सायटेशनप्रमाणे क्रम लावा. समजा ८० पेपर आले आणि तुमचा सहावा आहे, तर "त्या वर्षी ग्लिच-वर्गीकरणावरच्या छोट्या गटांच्या ८० पेपरांत सहावा" असं लिहा, शोधाचे शब्द आणि तारीख तळटीपेत द्या. शोध असा बेतू नका की तुमचाच पहिला येईल. "ग्लिच" ऐवजी "लिव्हिंग्स्टनमधले मंगळवारचे ग्लिच" शोधलं की कोणीही पहिला येतो, आणि तळटीप वाचणारा माणूस समितीत असतोच. ज्या पेपराला ३ सायटेशन आहेत तो किती महिन्यांचा आहे तेही लिहा. दहा महिन्यांच्या पेपराचे ३ आणि पाच वर्षांच्या पेपराचे ३ यांत फार फरक आहे.

सायटेशन कोणी केली, हेही बघा. ६१ मधली किती तुमच्या ओळखीबाहेरच्या गटांची आहेत? त्यांतल्या दोनांनी तुमची पद्धत प्रत्यक्ष वापरली असेल तर ते वाक्य अर्जात घाला. "प्रस्तावनेत दहा जणांच्या माळेत आपलंही नाव" आणि "पद्धतीच्या भागात आपला पेपर हाताशी घेऊन केलेलं काम" ही दोन्ही एडीएसच्या लेखी एकेकच सायटेशन. वाचणाऱ्याच्या लेखी नाहीत.

विद्यापीठाचा अर्ज हे निराळंच गणित आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी जो तक्ता आहे त्यात शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, आणि कमाल १०. म्हणजे पाच पेपर झाले की रकाना भरला. सायटेशनला त्या रकान्यात एकही गुण नाही. त्याउलट शिकवण्याच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, कमाल १०. तेव्हा तुमचा वेळ तिथे सायटेशन मोजण्यात घालवू नका. दोन्ही पोस्टडॉकच्या रुजू तारखा आणि कार्यमुक्तीचे दाखले, लेटरहेडवर आणि सहीशिक्क्यासह, आताच मागवा. युरोपातल्या संस्थेला "कार्यमुक्तीचा दाखला" म्हणजे काय हे समजावण्यात दोन आठवडे जातात. जाहिरातीत कोणता तक्ता लागू आहे तेही नीट वाचा, कारण हे नियम बदलत असतात. याच नियमावलीत पुढच्या पदांच्या संशोधन-गुणांसाठी दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि प्रत्येक सहलेखकाला ३० टक्के गुण, असं सूत्र आहे. लेखक हजार असले तरी ३० टक्केच. एडीएसच्या भागाकारात ज्या पेपराचा तुमचा वाटा एक हजारांश, त्याचा इथे जवळपास एक तृतीयांश. हसू येईल, पण नियम तसा आहे, आणि पुढेमागे पदोन्नतीच्या फाइलमध्ये हे बाराही पेपर पूर्ण पुराव्यासह लागतील. तिथे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या (त्यातल्या पेपरांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशनच्या) टप्प्यांवरही अवलंबून आहेत, आणि एक टप्पा नेमका ५ वर तुटतो. एमएनआरएएस आणि ॲस्ट्रोफिजिकल जर्नल ही खगोलशास्त्राची दोन्ही नियतकालिकं गेली काही वर्षं ५ च्या अलीकडे-पलीकडे आहेत. म्हणून पेपर ज्या वर्षी छापला त्या वर्षीच्या आकड्याचा पुरावा तेव्हाच छापून फाइलला लावायचा. पाच वर्षांनी शोधत बसण्यात अर्थ नाही.

युरोपातच राहायचं ठरलं तर वारं आणखी वेगळं. संशोधनाला निधी देणाऱ्या युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या अर्जात आता लांब यादीच्या जागी जास्तीत जास्त दहा निवडक कामं आणि त्यांचं महत्त्व सांगणारा मजकूर मागतात. वर सांगितलेल्या दोन-दोन ओळी तिथे तशाच उपयोगी पडतील.

आता तीन पेपरांत तोडण्याबद्दल. आकडा वाढेल का? वाढेलही. ६० सायटेशन मिळवणाऱ्या एका पेपराने एच-इंडेक्स एकानेच वाढतो. प्रत्येकी २० ची तीन झाली तर तिनापर्यंत. हा एच-इंडेक्सचा दोष आहे आणि सगळ्यांना तो माहीत आहे, म्हणूनच तोडलेले पेपर ओळखू येतात: प्रस्तावना तीच, आकृती दोनदा, आणि दुसऱ्या पेपराचा निष्कर्ष "अधिक तपशील पहिल्यात". सायटेशनही सहसा सारखी वाटली जात नाहीत. लोक तिन्हींतला एक उचलतात, बाकीचे दोन एक-आकडी राहतात. मात्र एक तुकडा वेगळा करणं रास्त आहे. तुमचं सॉफ्टवेअर गटाबाहेरचा माणूस बसवून वापरू शकत असेल, तर त्याचा स्वतंत्र पेपर लिहा. खगोलशास्त्रात हत्यारांचे पेपर अफाट साइट होतात. ॲस्ट्रोपाय, एमसी, आणि तुमच्याच क्षेत्रातलं २०१९ चं बिल्बी, या सॉफ्टवेअरचे पेपर पाहा. अट अशी की कोडला आवृत्ती क्रमांक हवा, दस्तऐवज हवा, चालवून बघायला एक उदाहरण हवं, झेनोडो या ऑनलाइन संग्रहावरून डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) घेतलेला हवा, आणि मुखपृष्ठावरच "वापरलंत तर हे साइट करा" अशी तयार नोंद हवी. ही नोंद नसली की लोक वापरतात आणि आभारात गिटहबवरच्या कोडचा दुवा टाकून मोकळे होतात. त्याचं सायटेशन होत नाही. ॲस्ट्रोफिजिक्स सोर्स कोड लायब्ररीतही नोंद करा, ती एडीएसमध्ये येते. पद्धत आणि तिचा निकाल मात्र एकाच पेपरात ठेवा.

पद्धतीचे पेपर सावकाश पिकतात, एवढं ध्यानात असू द्या. एकमेकांत विलीन होणाऱ्या जोडताऱ्यांचे संकेत गोंगाटातून शोधायला अपेक्षित संकेतांच्या नमुन्यांची जाळी किती दाट हवी, हा सत्यप्रकाश आणि धुरंधर या दोघांचा पेपर १९९१ चा. पहिला संकेत सापडला तो २०१५ च्या सप्टेंबरात. कृष्णविवर धक्क्यानंतर कसं घुमत घुमत शांत होतं हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली 'नेचर'मध्ये एकट्याच्या नावावर दाखवलं. ती घुमण प्रत्यक्ष यंत्रात उमटायला पंचेचाळीस वर्षं गेली. सहा महिन्यांनी अर्ज असलेल्या माणसाला याचा तात्काळ उपयोग काही नाही, हे कबूल.

स्वतःला साइट करण्याचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार सांगा. एडीएसच्या मेट्रिक्समध्ये सेल्फ-सायटेशन वेगळी मोजून दाखवतात, आणि कोलॅबरेशनचे पेपर एकमेकांना साइट करत असल्यामुळे तुमचा तो आकडा आधीच कमी नाही. कसोटी सोपी आहे: संदर्भ काढून टाकला तर वाक्य लंगडं पडतं का? पडत असेल तर संदर्भ हवाच, मग तो स्वतःचा असो. दुसऱ्याने तुमचं काम खरोखर वगळलं असेल तर त्याचा पेपर आर्काइव्हवर आल्यापासून पहिल्या आठवड्यात एकच ईमेल पाठवा. दोन वाक्यं: तुमच्या अमुक विभागातल्या अमुक विधानाशी आमचा अमुक पेपर थेट संबंधित आहे, योग्य वाटल्यास बघावं. आपल्या क्षेत्रात हे चालतं, कुणी वाईट मानत नाही. सहा पेपरांची यादी पाठवली तर मानतात. उलट बाजूने, रेफरीने त्याचेच पाच असंबद्ध पेपर घालायला सांगितले तर निमूटपणे घालू नका. प्रत्येकाचं एका ओळीत उत्तर लिहा आणि संपादकाला वेगळं कळवा.

राहता राहिलं आर्काइव्हचं. तिथे पेपर पाठवायची रोजची सीमा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची दुपारी २, म्हणजे तुमच्याकडे साधारण रात्री ८, पुण्यात उन्हाळ्यात रात्री ११:३० आणि हिवाळ्यात १२:३०. सीमेनंतर लगेच आलेला पेपर पुढच्या यादीत वर दिसतो आणि वरच्या पेपरांना सायटेशन जास्त मिळतात, असं अभ्यासांत दिसलंय. पण त्यात चांगल्या पेपराचे लेखकच घड्याळ लावून बसतात, हेही एक कारण आहे. गोषवारा पुन्हा एकदा वाचून मग पाठवा. आठ वाजून एक मिनिटासाठी चुकीची आकृती चढवण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न येईल, आणि आला नाही तर तुम्हीच काढा. उत्तर दीड मिनिटात बसवा: अकरा पेपर छोट्या गटांचे, त्यांचा एच-इंडेक्स ९, त्यांतले चार फर्स्ट-ऑथर, एक माहेरच्या नावावर, कोलॅबरेशनमध्ये माझं काम हे, आणि ते या कार्यगटाच्या प्रमुखांनी पत्रात लिहिलंय. मग ६१ वाल्या पेपरात काय केलं ते फळ्यावर एका आकृतीत. आकृतीचा सराव खगोलशास्त्र न शिकलेल्या एखाद्या माणसासमोर करा. तो मध्येच थांबवून जिथे "म्हणजे?" विचारेल, तेवढीच जागा दुरुस्त करायची आहे.